डाव कौशल्याचा, पैसा कुणाचा?

वाचकांचे प्रश्न

ऑनलाइन गेमिंगच्या नव्या कायद्यावर २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची सही झाली. रमी, पोकर आणि फॅन्टसी क्रिकेटच्या मोठ्या कंपन्यांनी त्याच आठवड्यात पैशांचे डाव थांबवले. तेव्हापासून आलेल्या पत्रांतली निवडक पत्रं या अंकात घेतली आहेत. नावं छापलेली नाहीत.

रमी हा कौशल्याचा खेळ आहे असं सर्वोच्च न्यायालयानंच म्हटलं आहे ना? मग बंदी कशी काय? आम्ही खेळलो तर आम्हाला अटक होईल का?
— एक वाचक, इचलकरंजी

न्यायालयानं तसं म्हटलं आहे. १९६०च्या दशकात सिकंदराबादच्या एका क्लबवर खटला झाला होता. त्यात न्यायालय म्हणालं की तेरा पानी रमी तीनपत्तीसारखी निव्वळ नशिबावर चालत नाही, कोणती पानं पडली ते लक्षात ठेवावं लागतं, काय धरायचं आणि काय टाकायचं ते ठरवावं लागतं. जाहिरातींत एवढाच भाग यायचा. त्याच निकालात पुढे असंही आहे की क्लबचा मालक खेळातून नफा काढत असेल तर मामला जुगाराचा ठरू शकतो. हे वाक्य कुठल्याही ॲपनं कधी दाखवलं नाही.

आपल्याकडच्या १८८७च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे. सगळा ऑनलाइन धंदा अशा सवलतींवर उभा होता. नव्या केंद्रीय कायद्यानं तो पायाच काढून घेतला. आता व्याख्या अशी आहे: खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हींचा, ऑनलाइन खेळताना फी, ठेव किंवा पणाला लावायचं काही देऊन त्या बदल्यात पैसे मिळण्याची अपेक्षा असेल तर तो 'पैशांचा खेळ' आणि तो चालवायला मनाई. म्हणजे 'कौशल्य की नशीब' हा वाद या कायद्यापुरता निरर्थक झाला.

शिक्षा खेळणाऱ्याला नाही. खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. पैशांची देवघेव करून देणाऱ्यालाही तेवढीच. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. इन्स्टाग्रामवर 'माझा कोड वापरा' म्हणून रील टाकणारी पोरं या शेवटच्या गटात मोडतात, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं. कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडे एकत्र वर्ग झाल्या.

आणि गणपतीत घरी पत्ते कुटता त्याचा या कायद्याशी संबंध नाही. तो फक्त ऑनलाइन खेळांपुरता आहे.

ॲपच्या वॉलेटमध्ये ६,४०० रुपये दिसतात. काढायला गेलं की २,१०० च काढता येतील असं येतं. बाकीचे बुडाले का?
— एक वाचक, जालना

वॉलेट उघडून त्यातले कप्पे पाहा. बहुतेक ॲपमध्ये तीन असतात: तुम्ही भरलेली रक्कम, जिंकलेली रक्कम आणि बोनस. बोनस म्हणजे फक्त पुढच्या डावाच्या फीत वापरता येणारी सवलत. डावच बंद झाले, त्यामुळे तो आकडा आता शोभेचा. तुमच्या ४,३०० मधले बरेचसे तेच असण्याची शक्यता आहे. भरलेली आणि जिंकलेली रक्कम मात्र तुमची आहे.

ती अडकण्याचं नेहमीचं कारण नावांचा मेळ नसणं. पॅनवर वडिलांचं नाव मध्ये आहे, बँकेत फक्त आद्याक्षर आहे, की विड्रॉल परत येतो. आधी बँकेत नाव दुरुस्त करा, मग ॲपमध्ये खातं पुन्हा जोडा. खातं तुमच्याच नावाचं हवं, भावाचं किंवा बायकोचं चालत नाही. वॉलेटचं पूर्ण स्टेटमेंट पीडीएफमध्ये उतरवून ठेवा. ॲप काढून टाकलं किंवा कंपनीनं सर्व्हर बंद केला की ते मिळवणं अवघड.

तरीही पैसे आले नाहीत तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. त्यात नोंदणीचा मोबाइल क्रमांक, रक्कम, तारीख आणि स्क्रीनशॉट हवेत. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. कंपनीचा 'कस्टमर केअर' नंबर गुगलवर शोधू नका. तिथे वर येणारे कित्येक नंबर भामट्यांचे असतात. नंबर ॲपच्या आतूनच घ्या.

एप्रिल ते ऑगस्ट २०२५ खेळलो. टीडीएस कापला गेला आहे. मला पगार नाही, विद्यार्थी आहे. रिटर्न भरून टीडीएस परत मिळेल ना?
— एक विद्यार्थी, नांदेड

नव्या करप्रणालीत मिळणार नाही, उलट थोडे भरावे लागतील. ऑनलाइन खेळांतल्या निव्वळ जिंकीवर जुन्या आयकर कायद्याच्या कलम ११५बीबीजेप्रमाणे सरसकट ३० टक्के कर आहे. उत्पन्नाची मूळ करमुक्त मर्यादा इथे लागू होत नाही. '१२ लाखांपर्यंत कर नाही' ही जी सवलत सगळ्यांच्या तोंडी आहे, तीही अशा खास दराच्या उत्पन्नाला मिळत नाही.

निव्वळ जिंकी काढायची रीत अशी. वर्षभरात काढलेली रक्कम आणि ३१ मार्चला वॉलेटमध्ये उरलेली रक्कम यांची बेरीज करा. त्यातून वर्षभरात भरलेली रक्कम आणि १ एप्रिलची आरंभीची शिल्लक वजा करा. समजा १ एप्रिलला ५,००० होते, ६०,००० भरले, १,०५,००० काढले आणि शेवटी शून्य उरलं. जिंकी ४०,०००. कंपनीनं कलम १९४बीएखाली ३० टक्के म्हणजे १२,००० कापले. पण कर ३० टक्क्यांवर ४ टक्के उपकर धरून १२,४८० होतो. टीडीएसमध्ये उपकर नसतो, म्हणून ४८० रुपये तुमच्याकडे निघतात. रक्कम छोटी, पण नोटीस येण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

दोन गोष्टींत लोक हमखास फसतात. कंपनीनं दिलेला बोनस 'मी भरलेली रक्कम' म्हणून वजा करता येत नाही. आणि दुसऱ्या कंपनीच्या ॲपवर झालेला तोटा या ४०,००० मधून वळता होत नाही. एका ॲपवर चाळीस हजार जिंकले आणि दुसऱ्यावर पन्नास हजार घालवले, तरी खिशातून दहा हजार जाऊन वर १२,४८० कर लागतो. नेटचा रिचार्ज, टिप देणाऱ्या चॅनेलची फी, असले खर्चही चालत नाहीत.

फॉर्म आयटीआर-१ नको, आयटीआर-२ घ्या. इतर उत्पन्नाच्या तक्त्यात ११५बीबीजेची वेगळी ओळ असते. आकडा भरण्याआधी करकपातीची नोंद असलेला फॉर्म २६एएस आणि वार्षिक माहितीपत्रक म्हणजे एआयएस उघडून जुळवून घ्या.

मी अंदाजानं खेळणारा नाही, आकडेवारी पाहून संघ लावायचो. दहापैकी सहा वेळा समोरच्याला हरवायचो. तरी हातात काहीच उरलं नाही. चूक कुठे झाली?
— एक फॅन्टसी खेळाडू, सोलापूर

चूक नाही, हिशेबच तसा होता. दोघांचा डाव घ्या. प्रत्येकी ५० रुपये, जिंकणाऱ्याला ९०, कंपनीचे १०. नुसतं बरोबरीत राहायला दर शंभरात साडेपंचावन्नहून जास्त डाव जिंकावे लागतात. तुमचे साठ धरले तर शंभर डावांत गेले ५,०००, आले ५,४००. चारशे नफा, त्यातले १२५ करात, उरले २७५. शंभर सामने अभ्यासून पावणेतीनशे रुपये. तेही साठचा आकडा टिकला तर. समोर बरोबरीचा खेळाडू आला की शंभर डावांमागे सरासरी ५०० रुपये जायचे, मग तुम्ही कितीही हुशार असा. शिवाय १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या प्रत्येक रकमेवर २८ टक्के जीएसटी होता. शंभर भरले की डावाला खरे अठ्ठ्याहत्तरच उरायचे. कंपन्या फरक बोनसच्या रूपात भरून देत, म्हणून तो डोळ्यांत आला नाही.

मोठ्या स्पर्धांत गणित आणखी कठीण. ११० रुपये फी धरा, त्यातले १० कंपनीचे. हजार खेळाडू, बक्षिसांचा निधी एक लाख. पहिल्याला २०,०००, दुसऱ्याला १३,०००, तिसऱ्याला ९,०००, आणि उरलेले ५८,००० पुढच्या दीडेकशे जणांत वाटलेले. पहिल्या तिघांत येण्याची सरासरी संधी हजारात तीन, पण निधीतला ४२ टक्के पैसा त्यांच्याकडे. त्यामुळे खरोखर चांगल्या खेळाडूचंसुद्धा वर्ष एखाददुसऱ्या मोठ्या बक्षिसावर ठरतं. फीवर २० टक्के परतावा काढणारा खेळाडू, म्हणजे उत्तमच, शंभर स्पर्धांत सरासरी २,२०० रुपये कमवेल. पण नशिबाची वरखाली आठ-दहा हजारांच्या घरात जाते. शंभर स्पर्धांनंतर तो तोट्यात असला तर नवल नाही, आणि एखादा सुमार खेळाडू फायद्यात असला तरी नाही. या दुसऱ्याचीच गोष्ट सगळीकडे झळकायची.

म्हणूनच मुरलेले पोकर खेळाडू मोठ्या मैदानाच्या स्पर्धांसाठी किमान शंभर, बरेचदा दोनशे प्रवेशशुल्कांइतकी रक्कम बाजूला असल्याशिवाय त्या पातळीवर बसत नाहीत. ११० च्या स्पर्धेला ११ ते २२ हजार. आपल्याकडे बहुतेक जण पाचशे भरून शंभराच्या स्पर्धेत उतरायचे. पाच स्पर्धा कोरड्या जाणं ही रोजची गोष्ट, तीत कौशल्याचा काही दोषच नसतो.

टेलिग्रामवर एका रमी ॲपची लिंक आली. बाहेरदेशातलं आहे म्हणून चालतं म्हणे. मी ८२,००० जिंकलो आहे पण काढण्याआधी ३० टक्के टीडीएस भरा असं सांगतात. भरू का?
— एक वाचक, चिपळूण

एक रुपयाही भरू नका. टीडीएस जिंकलेल्या रकमेतून कापतात, आधी वेगळा मागून घेत नाहीत. तुम्ही २४,६०० भरलेत की पुढे 'खाते पडताळणी शुल्क' येईल, मग 'मनी लाँडरिंग क्लिअरन्स'. स्क्रीनवरचे ८२,००० हा नुसता लिहिलेला आकडा आहे.

अशी ॲप ओळखायच्या खुणा ठरलेल्या. ती प्ले स्टोअरवर नसतात, एपीके फाइल पाठवतात. पैसे भरायचा यूपीआय आयडी दर वेळी बदलतो आणि नाव एखाद्या किराणा दुकानाचं किंवा अनोळखी माणसाचं निघतं. सुरुवातीला दोन-तीनशे रुपये झटकन काढू देतात, विश्वास बसावा म्हणून. परदेशात सर्व्हर असला तरी भारतातल्या लोकांना पुरवलेल्या सेवेला हा कायदा लागू आहे.

पैसे दिले असतील तर लगेच १९३० ला फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसा पुढच्या खात्यांत पांगायच्या आत बँकेला तो अडवता आला पाहिजे. त्यासाठी यूटीआर (बँक व्यवहाराचा) क्रमांक, वेळ आणि समोरचा यूपीआय आयडी हाताशी ठेवा. ती फाइल फोनमधून काढा, एसएमएस वाचायची परवानगी दिली होती का ते पाहा, आणि दुसऱ्या फोनवरून नेटबँकिंगचा पासवर्ड बदला.

याच टोळ्या पोरांना 'महिन्याला दहा हजार देतो, खातं वापरायला दे' म्हणतात. ते खातं फसवणुकीच्या पैशाचा रस्ता बनतं. पुढे दूरच्या राज्यातल्या पोलिसांच्या पत्रावरून खात्यावर लीन (रक्कम गोठवणं) लागतं, आणि ते उठवायला पोराला तिथवर हेलपाटे घालावे लागतात. आरोपीत नाव आलं तर ते वेगळंच.

माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. ॲप बंद झाली म्हणून सुटलो असं वाटलं होतं, पण आता कळलं की त्यानं कर्जाच्या ॲपवरून पैसे घेऊन कुठेतरी खेळलेत. ओरडून काही होत नाही. काय करावं?
— एक आई, परभणी

ताई, आधी पैशाची वाट अडवा, बोलणं नंतर. त्याच्याबरोबर बसून यूपीआय ॲपमधले ऑटोपे मँडेट (आपोआप पैसे कापायच्या परवानग्या) रद्द करा, रोजची मर्यादा खाली आणा, ब्राउझरमध्ये साठवलेली कार्डं काढून टाका. घरातल्या कुणाच्या खात्याला त्याचा फोन नंबर जोडलेला असेल तर तोही बदला.

मग कर्जांची यादी करा: कुणाकडून, किती, किती व्याज, कधीची. ॲपमागची बँक किंवा वित्तसंस्था रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली आहे का ते पाहा. नोंदलेली असेल तर हप्ते बांधून मागता येतात. नसेल आणि फोटो पसरवायच्या धमक्या येत असतील तर १९३० आणि पोलीस ठाणं. धमकीला घाबरून आणखी पैसे पाठवले की मागणी वाढते. सगळं कर्ज एका दिवसात गुपचूप फेडून टाकायचा मोह होईल. तो टाळा. हप्ते त्याच्या समोर आणि शक्य तितके त्याच्याच कमाईतून जाऊ देत, नाहीतर त्याच्या हिशेबी हरलेलं परत मिळतं असा अर्थ होतो.

हरलेलं भरून काढायला पुन्हा खेळणं, रक्कम लपवणं, न खेळता आलं की चिडणं ही जुगाराच्या व्यसनाची लक्षणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीत ते आजार म्हणून आहे आणि त्यावर उपचार होतात. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत. पहिला फोन तुम्ही स्वतः केलात तरी चालेल. आणि तो जीवाचं बरंवाईट करायची भाषा बोलत असेल तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

कॉलेजच्या संमेलनात बीजीएमआय या मोबाइलवरच्या लढाईच्या खेळाची स्पर्धा घ्यायची आहे. सोळा संघ, माणशी १०० रुपये, जमलेल्या पैशातून बक्षिसं. ई-स्पोर्ट्सला तर परवानगी आहे ना?
— विद्यार्थी प्रतिनिधी, नाशिक

तुमच्या पद्धतीनं नको. कायद्यातल्या ई-स्पोर्ट्सच्या व्याख्येत बसायला खेळाला राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याखाली मान्यता आणि ऑनलाइन गेमिंगच्या प्राधिकरणाकडे नोंदणी हवी. फी घेता येते, पण ती केवळ प्रवेशापुरती किंवा आयोजनाच्या खर्चापुरती. चौसष्ट जणांचे ६,४०० गोळा करून तेच तिघांत वाटलेत तर ती खेळाडूंनी एकमेकांविरुद्ध लावलेली रक्कम झाली. 'माणशी ५०, दर किलला १०' अशा टेलिग्रामवरच्या कस्टम रूम (खासगी सामने) तर उघडउघड त्यातच मोडतात.

प्रवेश मोफत ठेवा, बक्षीस प्रायोजकाचं घ्या. गावातलं मोबाइलचं दुकान, झेरॉक्सवाला, माजी विद्यार्थी संघ, असे पंधरा हजार जमतात. ७,५००, ४,५००, ३,००० असे वाटून बँकेतून द्या, पॅन घेऊन. खेळ बनवणाऱ्या क्राफ्टन कंपनीचे बाहेरच्या स्पर्धांसाठी परवानगीचे नियम आहेत. पोस्टरवर खेळाचं नाव छापण्याआधी ते वाचा. अठराखालच्यांसाठी पालकांची सही घ्या.

चार सामने ठेवा. एरांगेल या नकाशावरचा एक सामना साधारण अर्धा तास, मधली दहा मिनिटं धरून तीन तासांत आटोपतं. खासगी सामना उघडायला खेळातलं रूम कार्ड लागतं, ते आदल्या दिवशी पाहून घ्या. रूमचा आयडी आणि पासवर्ड फक्त संघनायकांना, दहा-पंधरा मिनिटं आधी. प्रत्येक संघाला ठरलेला स्लॉट (जागेचा क्रमांक) द्या, म्हणजे पासवर्ड फुटून आत आलेला पाहुणा लगेच दिसतो. गुण १०, ६, ५, ४, ३, २, १, १ असे पहिल्या आठांना आणि दर फिनिशला (मारलेल्या प्रतिस्पर्ध्याला) एक. बरोबरी झाली तर काय, हे आधीच लिहून लावा: आधी जास्त विजय, मग स्थानाचे गुण, मग फिनिश. निकालाच्या पडद्याचा स्क्रीनशॉट दर सामन्याला काढा आणि तक्रारीला अर्धा तास द्या, पुढे नाही.

भांडणं दोन गोष्टींवरून होतात. एक, दोन संघांनी आतून हातमिळवणी करणं. त्यासाठी पहिल्या तीन संघांकडून स्क्रीन रेकॉर्डिंग मागायचा नियम ठेवा. दुसरं, नेट. एका वायफाय राउटरवर चौसष्ट फोन लावलेत तर पिंग (नेटचा विलंब) तीनशेच्या वर जाऊन सगळे ओरडतील. मोबाइल डेटाच वापरायला सांगा, आणि हॉलमध्ये दोन्ही-तिन्ही कंपन्यांची रेंज आहे का ते आधी तपासा. एवढं जमत नसेल तर स्पर्धा आठ संघांची करा.

मुलगी आठवीत आहे, बुद्धिबळाचं रेटिंग आहे. ऑनलाइन स्पर्धेची २०० रुपये फी आणि १०,००० चं पहिलं बक्षीस अशी जाहिरात आली. खेळू द्यावं का?
— एक पालक, कोल्हापूर

आयोजकाला एकच विचारा: बक्षीस फीच्या जमेतून की प्रायोजकाकडून? गोलमोल उत्तर आलं तर सोडून द्या. समोरासमोर पटावर होणाऱ्या स्पर्धांची फी आणि बक्षिसं या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत, त्यांत बिनधास्त पाठवा. नागपूरच्या दिव्या देशमुखनं जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला महिला विश्वचषक जिंकला, तिथवरचा रस्ता अशाच पटांवरून जातो.

ऑनलाइन खेळायचंच असेल तर बिनपैशांच्या रोजच्या स्पर्धा भरपूर आहेत. बक्षीस असलेल्या ऑनलाइन स्पर्धेत दुसरा कॅमेरा खोलीत कुठे ठेवायचा, स्क्रीन शेअर करायची का, हे नियमांत लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर समोरचा इंजिन (चाली सुचवणारा संगणक) लावून खेळतोय की नाही ते कुणीच बघत नाही असं समजा. आणि तिच्या खात्यावरून काका किंवा दादाला एकही डाव खेळू देऊ नका. खेळाची शैली अचानक बदलली की संकेतस्थळाची यंत्रणा खातं बंद करते, आणि डाग तिच्या नावावर राहतो.

मी न्यू जर्सीत ऑनलाइन पोकर स्पर्धा खेळतो. दिवाळीत पुण्याला येणार आहे. तिथून खातं चालेल का? नाहीतर भाऊ माझ्या खात्यावरून खेळेल.
— एक वाचक, एडिसन

दोन्ही नको. न्यू जर्सीत ऑनलाइन पोकर नोव्हेंबर २०१३ पासून परवान्याखाली चालतो, पण खेळणारा खेळताना प्रत्यक्ष परवानगीच्या हद्दीत हवा. संगणकाचं स्थान सतत तपासलं जातं. व्हीपीएन (खरं ठिकाण लपवणारी सेवा) लावून चकवलंत तर खातं बंद आणि शिल्लक अडकून पडते. दुसऱ्यानं तुमच्या खात्यावरून बसणं हे तिथल्या नियमांत थेट फसवणूक आहे, भाऊ कितीही चांगला खेळत असला तरी.

तिकडच्या कराचं: एका स्पर्धेत फी वजा जाता ठरावीक मर्यादेच्या वर जिंकलात तर डब्ल्यू-२जी हा जिंकलेल्या रकमेची नोंद करणारा फॉर्म येतो. २०२६ पासून हरलेल्या रकमेच्या ९० टक्क्यांपर्यंतच वजावट मिळते, तीही खर्च तपशीलवार दाखवणाऱ्यांना. वर्षभरात वीस हजार जिंकून वीस हजार हरलात तरी दोन हजारांवर कर बसेल. त्यामुळे प्रत्येक स्पर्धेची तारीख, फी आणि बक्षीस वहीत लिहीत जा.